माझ्या वाट्याची संघभावना

“तुझ्याकडं संघभावना,” सर म्हणाले. “म्हणजे समितीला चहा तू द्यायचा.”

वर्ग हसला. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, “संघभावनेत साखर कमी टाक गं!” सरही हसले.

कळमनुरीचं कॉलेज. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती, म्हणून सभागृहाच्या भिंतीवर नवी पाटी रंगवली होती. पदवीधराच्या अंगी असावेत ते गुण: संवादकौशल्य, नेतृत्व, चिकित्सक विचार, संघभावना, सामाजिक भान. सरांनी एकेक गुण एकेकाला वाटून दिला. समितीसमोर त्यावर चार वाक्यं बोलायची. नेतृत्व संस्थाचालकाच्या पुतण्याला. चिकित्सक विचारावरचं भाषण मी लिहिलं होतं. सरांनीच लिहायला सांगितलं होतं. बोलायला मात्र त्यांनी दुसरी मुलगी निवडली.

मी कारण विचारलं.

“लिहितेस बरं. पण तोंड उघडलं की ‘येऊन राहिले, जाऊन राहिले’. त्यात घर गादीवाल्याचं, घरात ती तुमची हिंदी. समितीला काय वाटेल?”

माझे अब्बा जवळच्या डोंगरकडा गावात कापूस पिंजतात, गाद्या भरतात. आमचं घर तिथं किती पिढ्यांचं, कुणी मोजलेलं नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, दारात मराठी. दोन्ही आमच्याच. हे मी तेव्हा बोलले नाही. अंतर्गत गुण सरांच्या हातात होते आणि मला एम.ए.ला जायचं होतं.

समिती आली. मी ट्रे घेऊन त्या पाटीखाली उभी. ती मुलगी माझी वाक्यं म्हणत होती. “इथं आम्ही प्रश्न विचारायला शिकलो.”

समितीतल्या बाईंनी मान वर केली. “छान. शेवटचा प्रश्न कुठला विचारलात?”

तिनं सरांकडं पाहिलं. याचं उत्तर कुणाकडून पाठ करून घेतलेलं नव्हतं.

मी ट्रे टेबलावर ठेवला.

“मॅडम, मी विचारला व्हता. हे भाषण मी लिवलं, मग बोलायला मला काहून उभं केलं न्हाई? सर म्हणले, तुझी बोली बराबर न्हाई, घर गादीवाल्याचं. आता तुमालाच विचारून राहिले. या भिंतीवरचे गुण कोणाच्या लेकरांसाठी हायेत?”

‘विचारून राहिले’ मी मुद्दाम म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. पुढं त्याचं काय झालं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला वर्गात उभं केलं.

“सगळ्यांसमोर माफी माग. नाहीतर गुण विसर.”

“न्हाई मागत, सर.”

गुण कापले गेले. एम.ए.च्या प्रवेशात माझा नंबर लागला नाही. आता मी वारंगा फाट्यावर शिकवणी घेते आणि एम.ए.ला बाहेरून बसले आहे.

पाटी अजून त्या भिंतीवर आहे. समिती पुन्हा येईल. ती माजी विद्यार्थ्यांशीही बोलते. मी जाणार आहे. चहा कुणाच्या हातात दिला आहे, ते आधी पाहीन. मग त्याच बोलीत तोच प्रश्न विचारीन. उत्तर मिळाल्याबिगर खाली बसणार न्हाई.