सुभेदारांनी घालवलेली मॅच

आमच्या टीमनं त्या मोसमात घातलेला पहिला गोल सुभेदारांना अजिबात आवडला नाही. दिग्यानं, म्हणजे आमच्या दिग्विजयनं, मैदानाच्या मध्यातून सणसणीत लाथ हाणली आणि चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. कडेला बसलेले आम्ही सगळे उठून नाचायला लागलो. सुभेदार मात्र हाताची घडी घालून जिथल्या तिथं उभे. थोड्या वेळानं त्यांनी दिग्याला बाहेर बोलावलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि बाकावर बसवलं. गोल घालणाऱ्यालाच बाहेर काढणारा कोच मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. डोकं ठिकाणावर आहे का, असं मी तिथल्या तिथं ओरडून विचारलं. सुभेदारांनी मागं वळून एवढंच सांगितलं, "आपलं असं ठरल्यालं न्हाई."

सुभेदार मूळचे खटावकडचे. उभी उमर फौजेत गेली. तिथं ईशान्येकडच्या पोरांच्या संगतीनं ते फुटबॉल शिकले आणि पलटणीच्या टीममधून खेळलेही. निवृत्त होऊन गावी आले आणि वर्षाच्या आत बायको गेली. एकुलती एक लेक इकडं सांगलीजवळ, आमच्या माधवनगरात दिलेली. तिनं हट्टानं त्यांना आपल्या घरी आणलं. आता आपल्याकडं बापानं लेकीच्या घरी मुक्काम करायचा म्हणजे, जावई कितीही भला असो, घास काही सुखानं घशाखाली उतरत नाही. त्यात आमचा जुना कोच नोकरीसाठी पुण्याला गेला. मंडळानं सुभेदारांना विचारलं, तर ते एका पायावर तयार झाले. माझं स्कूटरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथं बाकड्यावर बसून एकदा म्हणाले होते, "लेकीच्या घरात ऱ्हायाला मानसाला कायतरी काम पायजे बघा. टीम हाय तवर मी सांगलीत. टीम गेली की मी माज्या गावाला." गावाला काय होतं? कुलूप घातलेलं घर.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. चेंडू ढकलत न्यायचा, मारायचा नाही. आमची पोरं पॉवरलूमवर पाळ्या करणारी, अंगानं काटकुळी. मिरजेच्या टीमची आडदांड पोरं अंगावर आली की आमची उडून पडायची. म्हणून चेंडू वर उडवायचाच नाही, या पायातून त्या पायात द्यायचा, थेट गोलच्या तोंडाशी न्यायचा आणि तिथं जो मोकळा असेल त्यानं हळूच आत सारायचा. ऐकायला झकास. पण आमचं मैदान मुरमाचं. चेंडू तीन पायांतून नीट जायचा आणि चौथ्याच्या पायाशी खड्यावर आपटून भलतीकडंच पळायचा. सुभेदार रोज सकाळी बादली घेऊन एकटे खडे वेचत फिरायचे. वेचलेले खडे कुंपणापलीकडं टाकायचे आणि परत यायचे. आम्ही कामावर जाता जाता गाडी थांबवून बघायचो आणि हसायचो.

हसू फार दिवस टिकलं नाही. सामन्यामागून सामना जात होता आणि दिग्याचा तो एक सोडला तर आमच्या नावावर गोल म्हणून नव्हता. चेंडू आमच्याच पायात असायचा हो, ते नाकारत नाही. पण त्याचं करायचं काय? गोल समोर दिसतोय, कीपर पुढं आलाय, आणि आमचा गडी वळून शेजारच्याला चेंडू देतोय. तळपायाची आग मस्तकात जायची. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मीच. सुभेदारांच्या खेळाला 'ढकलगाडी' हे नाव मीच ठेवलं आणि ते गावभर झालं. पोरं सुभेदार दिसले की गाडी ढकलायची नक्कल करायची. सुभेदार नक्कल बघून हसायचे. त्यानं माझा संताप आणखी वाढायचा, कारण भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं निदान भांडावं तरी.

हलगीचं प्रकरण तेव्हाचंच. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात हलगी लागतेच. पैलवान भिडले की हलगी चढते आणि बघणाऱ्यांच्याही अंगात येतं. आम्ही म्हटलं, पोरांना जोर येत नाही ना, मग फुटबॉलला हलगी आणू. हलगीवाल्या मारुतीतात्यांना आणून कडेला बसवलं. झालं उलटंच. चेंडू अर्ध्या मैदानापुढं गेला की तात्यांची हलगी कडाडायची. आमची पोरं लहानपणापासून कुस्त्या बघत वाढलेली, त्यांना ती ऐकून दमच धरवेना. जो तो चेंडू घेऊन सुसाट सुटायचा आणि मिरजेच्या बचावाच्या भिंतीवर आपटायचा. सुभेदारांनी महिनाभर घासून शिकवलेलं एका दुपारी मातीत गेलं.

दुसरा कुणी असता तर हलगी बंद करा म्हणाला असता आणि आम्ही त्याचं डोकं फोडलं असतं. गावाच्या मानाची गोष्ट ती. सुभेदार तात्यांजवळ उकिडवे बसले आणि जरा दमानं वाजवाल का, असं त्यांनी विचारलं. तात्यांनी मनापासून प्रयत्न केला. पुढच्या सामन्यात बराच वेळ हलगी संथ चालली, पोरंही संथ खेळली, चेंडू सुरेख फिरला. मग तो गोलजवळ पोचला आणि तात्यांचा हात सुटलाच. पोरंही सुटली. सामना संपल्यावर तात्या खालच्या मानेनं म्हणाले, "हात ऐकत न्हाई सुभेदार." सुभेदार त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माजंबी आतून तसंच हुतंय तात्या." एवढ्या एकाच वेळी मला वाटलं की या माणसालाही आमच्यासारखंच काहीतरी होतं.

मोसमाच्या शेवटी आम्ही तळाला. शेवटचा सामना जिंकला तर वरच्या गटात राहणार, बरोबरी झाली तरी खालच्या गटात जाणार. मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांनी सुभेदारांच्या तोंडावर सांगितलं की ही मॅच गेली तर नवा कोच बघावा लागेल. मीही होतो बैठकीत, आणि बरोबर आहे असंच म्हणालो. सुभेदारांनी नुसती मान हलवली. जाताना दारातल्या चपला घालताना त्यांना जरा वेळ लागला, तेवढंच लक्षात आहे.

त्या दिवशी सगळं माधवनगर मैदानावर होतं. आमची पोरं जीव तोडून खेळली आणि चक्क दमानंही खेळली. हलगी आम्ही आणलीच नव्हती. पण गोल काही होईना. खेळ संपत आला तेव्हा एक चेंडू फिरत फिरत दिग्याच्या पायात आला आणि समोर फक्त कीपर. दिग्याला मारायचीच सवय, त्याची लाथ तर सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. सगळं मैदान एका आवाजात ओरडलं, "मार रं!" दिग्या थांबला. त्यानं मान वळवून सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी हात उंच केला, सगळ्या गावाला दिसेल असा, आणि डावीकडं दे अशी खूण केली. दिग्यानं चेंडू डावीकडं दिला. तिथं समोरच्या टीमचा गडी आधीच पोचला होता. त्यानं तो लांब उडवून दिला आणि शिट्टी झाली. बरोबरी, म्हणजे आम्ही खालच्या गटात.

पुढचं सांगवत नाही. लोकांनी सुभेदारांना घेराव घातला. आईबहिणीवरून बोलले. कुणीतरी बाटली फेकली. दिग्या एका बाजूला गुडघ्यांत डोकं घालून बसला होता, त्याच्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. सुभेदार मधोमध उभे राहून सगळं ऐकून घेत होते. म्हणाले, चूक माझी आहे, मी खूण केली, तुम्ही सगळ्यांनी बघितलं. तेच तेच सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या लेकीच्या घरी गेलो. रात्रभर झोप नव्हती, राग तसाच होता. सुभेदार बॅग भरत होते. लेक चहा ठेवून आत गेली, तिचे डोळे सुजले होते. मी बसलोही नाही. कीपर एकटा समोर असताना मार म्हणून का नाही सांगितलं, असं सरळ विचारलं.

सुभेदार कपड्यांची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "त्यानं माज्याकडं बघितलं तवा त्याचे पाय लटालटा कापत हुते. तुमाला लांबून दिसलं नसंल. त्यानं मारलं असतं आन् चुकलं असतं, तर? मला शिव्या दिऊन तुमी दोन म्हैन्यांत इसराल. मी काय, उठून गावाला जानार. त्यो हितंच लूमवर हाय. हितंच त्याला बायकू करायची हाय, हितंच म्हातारा व्हायाचं हाय."

"आणि लागला असता तर?" मी म्हणालो.

त्यांनी बॅगेची चेन ओढली. बॅग उचलून दाराशी ठेवली. मग म्हणाले, "मग मी चुकलो."

त्याच दुपारच्या एस.टी.नं ते गेले. लेकीनं पुन्हा बोलावलं, तर सणावारी यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. मैदानाकडं फिरकले नाहीत. गेल्या थंडीत खटावहून फोन आला की सुभेदार झोपेतच गेले. मी दुकान बंद केलं आणि गेलो. घर स्वच्छ होतं, अंगण झाडलेलं होतं. एवढ्या मोठ्या घरात एका माणसाचं ताट, एक तांब्या आणि एक खुर्ची बघून मला रडू आवरेना. लेक म्हणाली, "काका, ते तिकडं मैदानावर रमले होते हो."

माझं म्हणणं आजही तेच आहे. दिग्यानं मारायला हवं होतं आणि तो गोल झाला असता. सुभेदार असते तर आजही तावातावानं भांडलो असतो. आमची टीम दोन वर्षांनी वरच्या गटात परत आली. दिग्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, आता तो कॅप्टन आहे. लोक त्याला चौकात हाक मारून चहा पाजतात. त्या मॅचचा विषय निघाला की सगळे एकच बोलतात, ती मॅच सुभेदारानं घालवली. दिग्याचं नाव आजवर एकदाही कुणाच्या तोंडून आलेलं नाही. मी तिथंच बसलेला असतो. मला सगळं माहीत असतं. मी म्हणतो, व्हय, सुभेदारानंच घालवली.