देवीपुढची बाटली

ती घटना आठवली की आजही हातातला चहा तसाच निवून जातो. गोवा राज्य होऊन बरीच वर्षे झाली होती आणि मी डिचोली तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. तिथल्या एका प्रयोगशाळेची फिर्याद आली. बर्फ भरलेली पेटी गाडीतून नाहीशी झाली होती. आत एकच बोटभर बाटली.

"त्यात सोने होते की काय?" मी फिर्यादी शास्त्रज्ञ बाईंना विचारले.

"रिसेप्टर प्रथिन होतं, साहेब. आपल्या पेशींवर ते असतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडून आत ओढतं. हे आम्ही प्रयोगशाळेत बनवलंय."

गाडीचा चालक मूळचा सिंधुदुर्गातला, पेडण्यात राहणारा. "लाटंबार्से गावाक च्या पिऊक उतारलंय, तितक्यात पेटी गेली," हा त्याचा एकच धोशा. ज्याची वस्तू खरोखर चोरीला जाते तो जबाबात अडखळतो, मागेपुढे बोलतो. हा कुठेच अडखळला नाही, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली.

चार दिवसांनी पेडण्याच्या एका देवळातल्या गुरवाने आमच्या हवालदाराला खबर दिली. एक ड्रायव्हर काचेची बाटली देवीपुढे ठेवून रोज कौल लावतो. आमच्याकडे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "दर खेपेक दावीच पडटा, तरी हो चेडवाखातीर परत विचारता," गुरव म्हणाला. चेडू म्हणजे मुलगी.

मी चालकाला बोलावले. दम द्यायची तयारी ठेवली होती, पण विचारले एवढेच, "मुलगी कशी आहे?"

तो खुर्चीतच कोसळला. "सायबानू, मीच नेलंय. चेडवाच्या कोपरांवर पिवळ्यो गाठी इल्यो. डाक्तर म्हणता, रक्तातली चरबी वडून घेवचा काय ता तिच्या अंगात नाय. ताच ह्या बाटलीत असा म्हणान बाई कोणाक तरी सांगी हुती. पण देवीन होय म्हटल्याशिवाय पोरीच्या तोंडात कसा घालू?"

देवळात पंचनामा करून बाटली हस्तगत केली. बाईंनी ठाण्यात ती ओळखली. बर्फाबाहेर राहून प्रथिन केव्हाच बाद झाले होते. न राहवून मी विचारले, "वेळेवर दिले असते तर?"

"हे औषध नव्हेच, साहेब. नवी औषधं पारखायला आम्ही ते वापरतो. पोटात गेलं असतं तर डाळीसारखं पचून गेलं असतं."

चालक समोरच बसला होता. "म्हणजे देवी खरा सांगी हुती," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मगे सायबानू, तिचा औषद खंय गावतला?"

मी त्याच्यापुढे जबाबाचा कागद सरकवला.

बाईंनी कोर्टात त्याच्या बाजूने सांगितले आणि तो थोडक्यात सुटला. मुलीच्या गोळ्या चालू होत्या, पण त्या पुऱ्या पडल्या नाहीत. शाळा संपायच्या आत ती गेली. मी वर्दी न घालता त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यानेच मला पाणी आणून दिले.

चोर सापडला की तपास संपला, असे मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या घरच्या ओट्यावर बसल्यावर तसे मानणे मला कधीच जमले नाही. मुलीचे औषध कुठे मिळेल, एवढा एक साधा प्रश्न त्याने ठाण्यात मला विचारला होता. त्याचे उत्तर मला त्याच्या मुलीच्या हयातीत देता आले नाही, याचे मला फार वाईट वाटते.