आप्पांच्या बसण्याखालची कडी

उदगीरला आप्पांच्या धान्याच्या दुकानावरची माडी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा मला इस्लापूर सोडून तीनच महिने झाले होते. आठवीत शाळा सुटून सुतारकामाला लागलेलो, गावात ओळखीचं कुणी नाही. "काम बघू, माणूस मागनं बघू," म्हणत आप्पांनी मला ठेवून घेतलं, मागची खोलीही राहायला दिली. म्हणूनच भीती जास्त. परक्याचं काम बिघडलं तर निघून जाता येतं. इथं कुठं जाणार?

माडीला वर पाट, म्हणजे जमिनीच्या फळ्या, आणि त्यांना खालून पेलणाऱ्या सागवानी कड्या. हातोडीच्या दांड्यानं मी एकेक कडी वाजवत गेलो. सगळ्या ठणठणीत. चौथी तेवढी मधोमध भद्द बोलली. पटाशी टेकवली तर भिजल्या भाकरीत बोट जावं तशी आत गेली. मी चक्रावलोच. कडी कुजते ती भिंतीत घुसलेल्या टोकाला. ही मधेच कशी?

"छत गळतंय, आप्पा," मी ठोकून दिलं.

"भर उन्हाळ्यात? पानी काय तुझ्या गावाकडच्या सहस्रकुंड धबधब्यातून आणलंस व्हय रे?"

दुकानातले दोघं-तिघं हसले. मी कानकोंडा झालो. पण कडीनं झोप उडवली होती. टेकू लावून ठेवला आणि दोन दिवस नुसतं बघत राहिलो. तेव्हा एक ध्यानात आलं. कुजका भाग सकाळी काळा दिसायचा, दुपारी भुरका.

तिसऱ्या दिवशी पहाटेच त्या कडीखाली जाऊन उभा राहिलो. वर पाट करकरला, आप्पांचं पुटपुटणं सुरू झालं. थोड्या वेळानं पाटांच्या फटीतून ओल झिरपत कडीवर उतरली.

आप्पा आंघोळ करून ओल्या धोतरानंच वर जायचे, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. रोज. त्याच जागी. लग्न झाल्यापासून.

आता हे सांगायचं कसं? तुमच्या पूजेनं कडी खाल्ली म्हणावं, तर अन्न देणाऱ्याच्या तोंडावर बोलणं. गप्प बसावं, तर एक दिवस आप्पा पूजेसकट तुरीच्या पोत्यांवर येतील. शेवटी मान खाली घालून सांगितलं.

आप्पांनी जाऊन कुजक्या कडीत बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं महादेवानं धरलं म्हण की. आता तू धर. जागा मात्र मी बदलायचा न्हाई."

चौथी कडी काढून नवी सागवानी बसवली. पाटांखाली, कडीच्या वर, उताराचा पत्रा सरकवला. त्याचं तोंड भिंतीतून बाहेर बोळात काढलं. कुठल्या मिस्त्रीनं शिकवलेलं नव्हतं हे.

"आधी तू बस," आप्पा म्हणाले. "आंघोळ करून ये. आन् ओलाच बस, त्याशिवाय कळायचं कसं?"

ओल्या लुंगीनं मी आप्पांदेखत त्यांच्या जागी पूजेएवढा वेळ बसलो. पाट करकरला नाही. तसाच जिना उतरून खाली धावलो, कडीवरून हात फिरवला.

"काय रे?" वरून आवाज आला.

"कोरडी हाय, आप्पा!"

"मग सरक. आता मी बसतो."

मी सरकलो नाही. हात कडीलाच लावून ठेवला. वर आप्पा बसले, तसा त्यांचा भार लाकडातून माझ्या तळव्यात आला, आणि तिथंच थांबला.