गरम जॉब न मोजणारे मिस्त्री

लेथवरून जॉब, म्हणजे कातलेला लोखंडी तुकडा, उतरला की मिस्त्री त्याचं माप लगेच घेत नसत. तो लोखंडी पाटावर ठेवायचे आणि चहा प्यायचे. गरम लोखंड फुगलेलं असतं, निवलं की बारीक होतं, म्हणून. "गरम माणसाशी बोलू नये, गरम जॉब मोजू नये," म्हणायचे. शेठ चिडवायचा, "काय मिस्त्री, वर्कशॉप आहे की चहाची टपरी?" मिस्त्री पुढचा घोट घ्यायचे.

तुर्भ्याच्या त्या वर्कशॉपमध्ये मी झाडलोटीला होते. लोखंड कापताना तापू नये म्हणून लेथवर कूलंट सोडत, दुधासारखं पांढरं. त्याची टाकी दर शनिवारी मी उपसायची. ते नासायचं, वास डोक्यात जायचा. माझ्या बोटांना भेगा पडल्या, भाकरी थापताना रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, "त्या पाण्यात हात घालू नका." मग खायचं काय?

मिस्त्री साताऱ्याकडचे. टाकीत वाकून म्हणाले, "आवं बाई, ह्यात म्हस धुतली तर दूध द्यायची बंद हुईल." त्यांनी कूलंट बंद केलं. लेथला हवेची नळी लावली, हवेबरोबर तेलाचे चार थेंब सोडले, तेवढ्यावर काम चालवलं. लोखंडाचा कीस निळा पडून उडायचा. "गरमी किसासंगं भाईर गेली पायजे, जॉबात ऱ्हायला नको." माझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही, त्यांनाही तो वास सोसत नव्हता. पण आठ महिने टाकी कोरडी राहिली आणि माझ्या हातांच्या भेगा भरून आल्या.

मग एकदा घाईचा माल आला. शेठ शेजारी उभा. "मोजा ना मिस्त्री, टेम्पो खोळंबलाय." त्या दिवशी मिस्त्रींनी चहा घेतला नाही. सगळे जॉब गरमच मोजले. माल निवल्यावर बारीक भरला, गिऱ्हाइकाने परत पाठवला. शेठ म्हणाला, "बास झाली तुमची हवा, जॉब गरम राहतो. उद्यापासून कूलंट." घाई कोणी केली, हे मिस्त्री बोलू शकले असते. बोलले नाहीत.

शनिवारी मी बादली घेऊन गेले तर मिस्त्री टाकीपाशी बसलेले, हात कोपरापर्यंत आत.

"ते माझं काम आहे," मी म्हटलं.

"माप मी चुकलो. तुमी झाडू मारा."

काम सोडून गावी जाईपर्यंत दर शनिवारी टाकी त्यांनीच उपसली. त्यांच्याही हातांना भेगा पडल्या. मी एकदाही थांबवलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

ते गावी गेले, त्यानंतरचा शनिवार आला. शेठने बादली माझ्यापुढे सरकवली. मी चप्पल घातली.

"मावशी, कुठे?"

"कामोठ्याला. घरी."

पुन्हा गेले नाही.