उलटीआधीची जांभई

ऑपरेशन थिएटरात सगळे तिला मावशी म्हणायचे. एकवीस वर्षं तिचं काम एकच: सिझेरियनच्या वेळी बाईच्या उशाशी ट्रे धरून उभं राहायचं. कंबरेत भुलीची सुई दिली की बाई शुद्धीत असते, पोटाखालचं दुखणं कळत नाही. पण अनेकींना मध्येच मळमळून येतं. पडल्यापडल्या मान वळवून ओकायचं, मावशीनं ते झेलायचं, तोंड पुसायचं. “होतं गं, लाजू नकोस,” एवढंच ती म्हणायची.

बघून बघून तिला एक गोष्ट उमगली होती. उलटीआधी पुष्कळदा जांभई येते, ओठ पांढरे पडतात. कुणी काही म्हणायच्या आत मावशीचा ट्रे पुढे आलेला असायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला विचारतंय कोण!

मग तिच्या लेकीच्या दुसऱ्या सिझेरियनची तारीख ठरली. पहिल्या वेळी लेक इतकी ओकली होती, की बाळ दाखवायला आणलं तेव्हा तिला डोळे उघडवले नव्हते.

“आई, मला सुईची नाही गं, त्या ओकाऱ्यांचीच धास्ती आहे.”

मावशीनं धीर करून भुलीच्या डॉक्टरबाईंना गाठलं. “मॅडम, जांभई आली की मागोमाग उलटी येते. मग जांभईच येऊ नये असं काही नाही का करता येत?”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. “जांभई म्हणजे रक्तदाब उतरला, मावशी. तो उतरल्यावर आपण धावतो. तुमच्या लेकीला सुई दिल्याबरोबर दाब धरून ठेवणारं औषध सुरू करू. आणि उलटीची दोन वेगवेगळी इंजेक्शनंही देऊ, आधीच.”

ऑपरेशनच्या दिवशी लेकीच्या उशाशी ट्रे धरून मावशीच उभी होती. लेक छताकडे बघत होती, मावशी लेकीच्या ओठांकडे. बाळ रडलं. लेकीनं झटकन मान वळवली. मावशीनं ट्रे पुढे केला.

“अगं आई, बाजूला कर ना तो ट्रे! मला बाळ दिसत नाहीये.”

संध्याकाळी लेकीला थोडं मळमळलं, एका इंजेक्शनवर निभावलं. मावशी मॅडमना भेटायला गेली.

“इतक्या बायकांची तोंडं पुसली, मॅडम. आधीच विचारायला हवं होतं.”

“मीही कुठं विचारलं तुम्हाला?” मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीन सिझेरियन होती. मॅडमनी तिघींची दाबाची आणि उलटीची औषधं सुरुवातीलाच सिरिंजमध्ये भरून ठेवली.