तळपायाला टिचकी

दुष्काळात आम्ही सांगोल्याकडून सोलापुरात आलो आणि मी गिरणीत लागले. तिथल्या पाळणाघरात एक थोराड आयाबाई होत्या. आम्ही बायका सकाळी झोपलेली पोरं त्यांच्या हाती द्यायचो. त्या आधी तळपायाला टिचकी मारायच्या. पोरानं पाय ओढला की म्हणायच्या, "व्हय, झोप हाय," आणि मग पाळण्यात घालायच्या. आम्ही मागून हसायचो.

दात येताना माझी पोरगी रात्रभर रडली. सकाळी कामावर खाडा नको, म्हणून मी पहाटे तिला मोहरीएवढी अफू चाटवली. सगळ्याच चाटवायच्या. त्या दिवशी आयाबाईंनी टिचकी मारली, पण पाय हलला नाही.

"झोप न्हाय ही. गुंगी हाय," एवढंच म्हणून त्या पोरीला घेऊन अनवाणी दवाखान्याकडं पळाल्या. मी मागं.

दुपारी पोरगी किंचाळली, तेव्हा त्या खाली बसल्या. "रडू दे की. दिवेलागणीला रोज ऊन पाण्यानं न्हाऊ घाल, दिवा बारीक कर, मांडीवर थोपट. आपसूक झोपंल."

तशीच झोपायला लागली.

पुढं सगळ्या पोरांना एक टिचकी, माझ्या पोरीला दोन. ती चालायला लागेपर्यंत. मीच तिचा पाय पुढं करायचे.