सुईचं भोक

त्या गल्लीत गॅरेजं पाच होती, पण गाडीतल्या विजेचं दुखणं निघालं की सगळे शेवटच्या शटरकडे पाठवायचे. तिथे सुईकाका बसत. इतर मिस्त्री वायर तपासायला तिच्या जोडावरचे कनेक्टर उघडत, क्लिपा तोडून ठेवत. काका मीटरच्या टोकाला लावलेली बारीक सुई वायरच्या प्लॅस्टिकमधून सरळ तांब्यापर्यंत खुपसत आणि आकडा वाचत. "शहाणा डॉक्टर आधी नाडी बघतो, पोट नंतर फाडतो," असं वर ऐकवत. टोचल्या जागेशेजारी पांढऱ्या रंगाचा ठिपका देत, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको. तीस वर्षांत आपलं निदान चुकलेलं नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत.

सिस्टर त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. इस्पितळातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांच्या गाडीत मागच्या चाकाजवळ एक छोटा पंप होता. पेट्रोलची वाफ कुठून निसटते का, हे बघायचं त्याचं काम. गाडी सुरू झाली की तो टाकीत थोडी हवा भरतो, दाब टिकतो का बघतो. दाब टिकला नाही किंवा पंपच चालला नाही, तर समोर पिवळा दिवा लागतो. दोन वर्षांपूर्वी दिवा लागला तेव्हा काकांनी वायरला सुई टोचली, कनेक्टर सैल सापडला, तो घट्ट केला.

गेल्या वर्षी दिवा पुन्हा लागला. या वेळी काकांनी मीटर हातात घेतलाच नाही. बहुतेक गाड्यांत हा दिवा पेट्रोलचं झाकण सैल राहिल्यानं लागतो, हे त्यांना पाठ होतं. बिघाडाचा कोड दाखवणारं मशीन लावलं, आलेला कोड न वाचताच दिवा विझवला, आणि चारचौघांत म्हणाले, "सिस्टर, जन्मभर औषधांच्या बाटल्यांची झाकणं लावलीत, आणि गाडीचं तेवढं राहतं होय?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. चार महिन्यांनी परत तेच.

"मी लावते हो नीट," त्या म्हणाल्या.

"लावत असाल. पण लावलेलं आठवतं का?"



यंदा गाडी घेऊन आला तो त्यांचा मुलगा. "काका, दिवा तेवढा विझवा. गाडी काढून टाकतोय, उद्या बघायला येणारेत."

"का रे? सिस्टर कशानं फिरणार?"

"आईच्या लक्षात राहत नाही हल्ली. तुम्हीच म्हणालात की. मग मीही बारीक बघायला लागलो. चष्मा विसरते, नावं विसरते. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे नेतोय. तोवर चावी माझ्याकडे."

काका गाडीच्या मागे गेले आणि त्यांनी झाकणावरचं छोटं दार उघडलं. आतून एक कागद चिकटवलेला होता. सिस्टरच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तीन वेळा टक ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही.' खाली पेन्सिलीनं तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे तीन बारीक रेघा. एकही तारीख रेघांवाचून नव्हती.

काकांनी मशीन लावलं आणि कोड या वेळी शेवटपर्यंत वाचला. गळतीचा नव्हताच तो. पंपाच्या विजेचा होता.

मीटर लावला. पूर्ण बारा व्होल्ट. एरवी ते म्हणाले असते, वायर ठणठणीत, पंप गेला. पण आज स्वतःच्याच सवयीवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी ड्रॉवरमधून जुना बल्ब काढून पंपाच्या जागी जोडला. मीटरला आकडा दाखवायला एखादी तार पुरते. काम करायला वीज पुरते का, ते बल्ब सांगतो. बल्ब काजव्याइतका मिणमिणला.

गाडीखाली आडवं होऊन काका वायर चाचपत गेले. पंपापासून चार बोटांवर ती मऊ लागली. तिथे पांढरा ठिपका होता. ठिपक्याशेजारी सुईचं भोक. प्लॅस्टिक सोललं तर आत तांब्याचा हिरवा भुगा, आणि जेमतेम एक तार शाबूत. रस्त्याचं पाणी दोन वर्षं त्या भोकातून आत जात होतं.

"सापडलं का, काका?"

"उंदरानं कुरतडलीय वायर," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मग झाकणाचं काय?"

"झाकणही असेल थोडं."

कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढा तुकडा कापून त्यांनी नवी वायर जोडली, सांधा नीट बंद केला. पंप गुरगुरला, दिवा विझला. मुलानं गाडीचं दार उघडलं. तुकडा अजून काकांच्या मुठीत होता.

"थांब," ते म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

घरी सिस्टर बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. चष्मा दोरी बांधून गळ्यात अडकवलेला. काका बसले नाहीत.

"सिस्टर, झाकण नव्हतं. कधीच नव्हतं. उंदीरही नव्हता." तुकडा त्यांनी पुढे केला. "हे माझ्या सुईचं भोक."

सिस्टर तुकडा घेऊन खिडकीशी गेल्या. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. "टोचल्यावर वर काही लावलं नव्हतंत?"

"नाही."

"आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. सुई काढली की कापूस दाबून धरायचा."

कुणी हसलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही हसलात तेव्हा मीही हसले," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर मात्र गॅस बंद केला का, ते चारचारदा उठून बघायला लागले. वर्ष झालं."

धरणीनं पोटात घ्यावं असं काकांना झालं.

"आता याला सांगा," सिस्टरनी मुलाकडे बोट केलं.

"सांगितलं की, त्याच्यासमोरच..."

"ते वायरचं सांगितलंत. माझं सांगा."

काका मुलाकडे वळले. "तुझी आई झाकण विसरली नव्हती. मी न तपासता बोललो. चारचौघांत बोललो."

मुलानं चावी टेबलावर ठेवली. सिस्टरनी ती उचलली.

"डॉक्टरकडे जाऊ आपण," त्या मुलाला म्हणाल्या. "तेही कळू दे एकदाचं. पण गाडी मी चालवणार."

त्यानंतर सिस्टरची गाडी गल्लीत येते, पण दुसऱ्या गॅरेजला थांबते. काका शटरमधून बघतात आणि मान खाली घालतात. ठिपक्यांचा पांढरा रंग त्यांच्याकडे अजून आहे. सोबत आता भोक बुजवायच्या लेपाची ट्यूब असते. नाडीचं वाक्य मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही.